सही करण्याआधी विचारा : दवाखान्यात आपला हक्क काय, डॉक्टरांचे कर्तव्य काय



आज मासळीच्या दराबद्दल किंवा डिझेलच्या सबसिडीबद्दल लिहीत नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून.

गेल्या हंगामात, ऑक्टोबरमध्ये, रात्री दहाच्या सुमाराला एका सभासदाचा फोन आला. "सेक्रेटरी, खलाशाचा हात विंचमध्ये गेला. जेटीवर येतोय आम्ही." पोरगा झारखंडचा, वय बावीस. उजव्या हाताची दोन बोटं चिरडलेली, हात टॉवेलात गुंडाळलेला. जवळचं म्हणून एका खासगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर पहिला प्रश्न, "ॲक्सिडेंट केस आहे, पोलिसांचा कागद आणलात?" दुसरा प्रश्न, "डिपॉझिट कोण भरणार?" मालक पैसे गोळा करायला धावला. पाऊण तास पोरगा बाकावर बसून होता.

मग एक फॉर्म आला, सगळा इंग्रजीत. "नातेवाईक कोण?" मी म्हटलं, मीच. न वाचताच सही ठोकली. सकाळी पोराने हात बघितला, एक बोट नव्हतं. मला म्हणाला, "साब, काटने को किसने बोला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बोट कदाचित वाचणारं नव्हतंच. डॉक्टरांचा निर्णय बरोबरही असेल. पण पोरगा शुद्धीवर होता, हिंदी बोलत होता, आणि त्याला कोणी एक शब्द सांगितला नाही. मीही विचारलं नाही. त्यानंतर मी या विषयावर जाणकारांना भेटलो, कागद वाचले. जे कळलं ते सोप्या भाषेत देतो.

पहिली गोष्ट : तातडीचा उपचार आधी, कागद नंतर. सुप्रीम कोर्टाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं की जखमी माणसाचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी. पोलिसांच्या कागदासाठी उपचार थांबवता येत नाही. पोलिसांना कळवण्याचं काम हॉस्पिटल स्वतः करतं, जखमीने चौकीवर जाऊन यायचं नसतं. पुढे 1996 साली पश्चिम बंगालचा खटला झाला. ट्रेनमधून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. शेवटी तो खासगीत गेला आणि स्वतःचे पैसे भरले. कोर्टाने म्हटलं, हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि सरकारला 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. म्हणजे जागा नाही, पैसे नाहीत, ही कारणं तातडीच्या वेळी चालत नाहीत. पुढे पाठवायचं असेल तर आधी रक्त थांबवून, रुग्णाला सावरून, मगच पाठवायचं.

दुसरी गोष्ट : संमती ज्याचं शरीर त्याची. 2008 साली सुप्रीम कोर्टात समीरा कोहली यांचा खटला गाजला. त्या तपासणीसाठी गेल्या होत्या. भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. कोर्टाने सांगितलं, रुग्ण सज्ञान आहे, जिवाला लगेच धोका नाही, मग तिला शुद्धीवर येऊ द्यायला हवं होतं. तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. जिथे सख्ख्या आईची सही चालली नाही, तिथे सेक्रेटरीची किंवा ट्रॉलर मालकाची सही कशी चालेल? रुग्ण बेशुद्ध आहे आणि उशीर केला तर जीव जाईल, अशा वेळी डॉक्टर पुढे जाऊ शकतात. एरवी आजार काय, उपचार काय, दुसरा पर्याय काय, धोका काय, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगायलाच हवं.

तिसरी गोष्ट : कागद मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत. दाखल रुग्णाची नोंद तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायची, असं त्यात आहे. आपल्या धंद्यात याचं महत्त्व मोठं. मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर 2.5 लाख, आणि इस्पितळ खर्चाला 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. पण केसपेपर नसेल तर क्लेम कशावर करणार? म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच सगळे कागद मागून घ्या.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. त्यात 17 हक्क आहेत. दर आधी कळणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, औषध हव्या त्या दुकानातून आणणं, आजाराची गुप्तता राखणं, बाईची तपासणी पुरुष डॉक्टर करत असेल तर सोबत दुसरी बाई असणं. बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवू नये, हेही त्यात आहे.

तक्रार करायची तर आधी त्याच इस्पितळाच्या प्रमुखाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे जाता येतं. पैसे घेऊन दिलेल्या उपचारात हयगय झाली तर ग्राहक आयोग आहे, 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ती वाट उघडली आहे.

आता आपल्या बाजूचंही बोलतो. डॉक्टर-नर्सवर हात उचलणं गुन्हा आहे आणि लाजिरवाणंही. रात्रपाळीची नर्स आपल्याच कोणाची तरी मुलगी असते. दुसरं म्हणजे खोटं सांगू नका. ट्रॉलरवर लागलं तर "घरात पडला" म्हणून सांगितलं की उपचारही चुकतो आणि विम्याचा क्लेमही जातो. दारू घेतली असेल तर तेही सांगा, भूल देणाऱ्याला ते कळायलाच हवं.

आणि मालकांनो, एक कडू गोष्ट. आपल्या घरच्यांकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड आहे, चारपेक्षा कमी माणसांच्या घराला वर्षाला 2.5 लाख आणि त्याहून मोठ्या घराला 4 लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण त्याला गोव्यात पाच वर्षं राहिल्याची अट आहे. दोन हंगामांपूर्वी आलेल्या खलाशाकडे ते कुठून असणार? 2024 मध्ये कुटबण जेटीवर कॉलरा पसरला तेव्हा भोगलं ते याच लोकांनी. त्यांचा हक्क आपल्याएवढाच आहे, पण तो बोलून दाखवायला त्यांच्याजवळ कोणी नसतं.

म्हणून सोसायटीतर्फे विनंती. प्रत्येक ट्रॉलरवर प्लास्टिकच्या पिशवीत प्रत्येक खलाशाचा कागद ठेवा : नाव, गावाकडचा फोन नंबर, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, चालू गोळ्या, आधारची प्रत. विम्यात नाव घातलंय की नाही ते ऑफिसात येऊन तपासा. अपघात झाला तर 108 ला फोन करा, किनाऱ्यावर पोचण्याआधीच करा. आणि इस्पितळात एक माणूस फक्त विचारायला आणि खलाशाला त्याच्या भाषेत समजावायला उभा ठेवा. कोणी नसेल तर मला बोलवा, रात्री कितीही वाजता.

तो पोरगा ऑगस्टमध्ये परत आला. नऊ बोटांनी जाळं शिवतो. त्याचे केसपेपर मी मागून आणले, क्लेम भरला आहे. या वेळी फॉर्म त्याला हिंदीत वाचून दाखवला आणि सही त्याने स्वतः केली.

आपला,
सेक्रेटरी