खांद्याच्या मापाची बंदूक

धनत्रयोदशीच्या दिवशी मी एका बंदुकीच्या दुकानात उभी होते, हे आमच्या सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. आमचं घर माळकरी. अंडंसुद्धा उंबरठ्याच्या आत येत नाही. आणि मी चक्क हरणाच्या शिकारीसाठी बंदूक निवडायला मदत करत होते! मदत कसली म्हणा, नुसती सोबत. पण त्या आठ-दहा दिवसांत जे पाहिलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गोष्ट २०२३ च्या दिवाळीची. माझी धाकटी बहीण अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एका छोट्या गावात राहते. तिचं दुसरं बाळंतपण. आई आता थकली, म्हणून डिंकाचे लाडू बांधून मीच गेले. शेजारी सदुसष्ट वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. गल्लीतली सगळी मुलं त्यांना 'ग्रॅमा' म्हणतात, म्हणून आम्हीही ग्रॅमाच म्हणायचो. यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेले. मुलगी दूर. बहिणीच्या डोहाळ्यांत त्यांनी तिला करून घातलं होतं, त्यामुळे आमच्यासाठी त्या घरच्याच.

तिथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या वर्षी तो १८ नोव्हेंबरला होता. आपल्याकडे पोळ्याच्या आधी बाजारात जशी झुली-गोंड्यांची लगबग, तशी तिथे भगव्या जाकिटांची. शिकाऱ्यांनी एकमेकांना हरीण समजून गोळी घालू नये, म्हणून भडक रंग घालायचा कायदाच आहे. २०१६ मध्ये या राज्याने भडक गुलाबीलाही परवानगी दिली. ग्रॅमांना विचारलं, तर म्हणाल्या, "गुलाबी घातलं म्हणून नेम सुधारत नाही."

मी आधी त्यांच्याशी भांडलेच. आपल्या मनातलं हरीण म्हणजे शकुंतलेच्या आश्रमातलं पाडस. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. ग्रॅमांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार शिकारीने त्यांच्याकडची पांढऱ्या शेपटीची हरणं संपत आली होती. मग कायदे झाले, परवाने आले. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी वापरायला सुरुवात झाली. आता देशभरात ती तीन कोटींच्या आसपास आहेत. लांडगे फार थोड्या भागात उरले. दरवर्षी दहा लाखांहून जास्त गाड्या हरणांवर आदळतात. आमच्या यवतमाळकडे रोही आणि रानडुकरांनी रात्रीत उभं पीक आडवं केल्यावर शेतकऱ्याच्या घरी काय होतं ते मी पाहिलंय. त्यामुळे पटलं नाही, तरी मी गप्प बसले. एका हरणाचं मांस त्यांना बराचसा हिवाळा पुरायचं, हेही होतंच.

"पण यंदा मी जाईन की नाही, माहीत नाही," त्या म्हणाल्या. आणि मग खरं कारण सांगितलं. आदल्या वर्षी त्यांनी यजमानांची जुनी रायफल नेली होती. गोळी झाडली, ती हरणाच्या छातीत न लागता मागे पोटाकडे लागली. ते पळालं. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या माग काढत त्या बर्फात फिरल्या, पण सापडलं नाही. "ते किती तास तळमळलं असेल, हे मी वर्षभर रोज रात्री मोजतेय." हे सांगताना त्या उजवा खांदा चोळत होत्या. चार वर्षांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालेलं.

यजमानांची रायफल होती 'थर्टी-ऑट-सिक्स'. म्हणजे गोळी ०.३० इंच जाडीची आणि काडतूस १९०६ सालचं, सैन्यासाठी बनलेलं. सैन्य म्हणजे तेव्हा धडधाकट तरुण पुरुष. तिचा धक्का त्यांचा खांदा घेत नव्हता.

धक्का म्हणजे काय, हे मला कॉलेजात एनसीसीत असताना थोडं कळलं होतं. आम्ही मुली 'पॉइंट टू टू' रायफल चालवायचो. उस्ताद ओरडायचे, "बट खांद्याच्या खोबणीत घट्ट!" तिला धक्का जवळजवळ नसतोच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, ते अशाच 'पॉइंट टू टू'ने. पण हरणासाठी ती चालत नाही. तिची गोळी हरणाला जखमी करील, पटकन मारणार नाही.

नावेतून घाटावर उडी मारली, की नाव मागे सरकते ना, तसंच हे. गोळी आणि दारूचा जोर पुढे जातो, बंदूक मागे येते. उडी मारणारा जाडजूड असेल तर नाव जास्त सरकते. तशी गोळी जड आणि वेगवान, तर धक्का मोठा. पण नाव जड असेल तर कमी सरकते. म्हणजे बंदूक जितकी हलकी, तितका धक्का जास्त! हे मला नवीनच होतं.

आणि दुकानदारालाही ते सांगावंसं वाटलं नाही. धनत्रयोदशीला, शुक्रवारी, आम्ही दुकानात गेलो. (मी पाहुण्यांच्या व्हिसावर. बंदुकीबाबत तिथले नियम परक्यांना कडक, म्हणून हात मागे बांधून उभी.) त्याने ग्रॅमांकडे एकदा पाहिलं आणि अडीच किलोचीसुद्धा नसलेली एक नाजूक रायफल काढली. दस्त्यावर गुलाबी नक्षी. "बायकांसाठी खास, हलकी." हातात फुलासारखी वाटली. पण काडतूस 'थ्री-ओ-एट'चं, म्हणजे जुन्या रायफलीपेक्षा जरासंच सौम्य. एवढ्या हलक्या बंदुकीत त्याचा धक्का खांद्याला पुरता बसला असता. ग्रॅमांनी ती परत ठेवली. "मला रंग नको, खांद्याचं बघ," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या, नेमबाजी शिकवणाऱ्या एका बाईंकडे मैदानावर गेलो. कानांत बोळे आणि वरून कर्णरोधक. बाई म्हणाल्या, निम्मी भीती आवाजाचीच असते. आधी त्यांनी जुनी रायफलच चालवायला लावली. काडतुसं त्या स्वतः भरत होत्या. दोन बार झाले. तिसऱ्या वेळी ग्रॅमांनी चाप ओढला आणि नुसतं 'टिक्' झालं. बाईंनी न सांगता खोटं काडतूस भरलं होतं, ज्यात दारूच नसते. आवाज नाही, धक्का नाही, पण मी स्पष्ट पाहिलं. चाप ओढता ओढता ग्रॅमांचे डोळे गच्च मिटले, खांदा आखडला आणि नळीचं तोंड खाली गेलं. येणारच नव्हता त्या धक्क्याला त्यांचं शरीर आधीच घाबरलं होतं.

माझ्या अंगावर काटा आला. मी आमच्या गावात महिला समुपदेशन केंद्रात काम करते. समोर बसलेल्या बाईला पाणी द्यायला मी सहज हात पुढे केला, की काही जणी अश्शाच डोळे मिटतात, मान आत घेतात. तोंडाने म्हणतात, "तसं काही नाही हो ताई, सगळं ठीक आहे." शरीर मात्र खोटं बोलत नाही. खांद्याने मार लक्षात ठेवलेला असतो.

ग्रॅमा खाली बघून म्हणाल्या, "मला वाटायचं, माझी हिंमत कमी पडली." बाई म्हणाल्या, "हिंमतीचा प्रश्नच नाही. दुखतंय त्याला दुखतंय म्हणायचं, आणि सोसवेल ते घ्यायचं."

मग हिशेब मांडला. धक्का 'फूट-पौंडा'त मोजतात. मी तो आपल्या भाषेत करून घेतला. जुन्या रायफलीचा धक्का वीसच्या आसपास, म्हणजे एक किलो साखरेची पिशवी नऊ फुटांवरून खाली येते त्या जोराचा. १९८० मध्ये आलेल्या 'सेव्हन एमएम-झिरो-एट'चा बारा-तेरा, म्हणजे पिशवी पावणेसहा फुटांवरून. २००७ मधल्या 'सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर'चा त्याच्या जवळपासच. आणि १९५५ च्या 'टू-फोर्टी-थ्री'चा नऊ-दहा, म्हणजे चार-साडेचार फुटांवरून. हे सगळं साडेतीन किलोच्या आसपास वजनाच्या रायफलीचं.

मग सर्वांत सौम्य ती घ्यावी, इतकं सोपं ते नाही. 'टू-फोर्टी-थ्री'ची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, 'सेव्हन एमएम'ची नऊ. हलकी गोळी हरणाला पुरते, पण ती बरोबर जागी, हृदय-फुफ्फुसांत, म्हणजे नाश्त्याच्या बशीएवढ्या जागेत लागली पाहिजे. जड गोळी थोडी चूक पोटात घालते. आदल्या वर्षीचं हरीण डोळ्यांपुढे असलेल्या बाईने काय निवडावं?

ग्रॅमांनी दोन्ही चालवून पाहिल्या, पाच-पाच बार. 'सेव्हन एमएम'चे पहिले तीन बशीत बसले, चौथा-पाचवा बाहेर. खांदा बोलायला लागला होता. 'टू-फोर्टी-थ्री'चे पाचही बशीत. मध्ये पुन्हा खोटं काडतूस आलं, पण या वेळी नळी जागची हलली नाही. ग्रॅमांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हीच. पण शंभर यार्डांपलीकडे मी गोळी झाडणार नाही." शंभर यार्ड म्हणजे नव्वदेक मीटर. बंदुकीबरोबर मर्यादाही त्यांनीच निवडली.

बाकीच्या गोष्टी तर शिवणकामासारख्या. दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवून बोट चापापर्यंत सहज पोचतं का ते बघायचं. लांब दस्ता बाईच्या खांद्याच्या खोबणीत नीट बसत नाही, आणि थंडीच्या जाड कोटावर तर तो अजूनच लांब होतो. टोकाला चांगली रबरी गादी हवी. दुर्बीण डोळ्यापासून तीन-चार इंच लांब हवी, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. नळीच्या टोकाला लावायचं एक साधन धक्का कमी करतं, पण आवाज इतका वाढवतं की ग्रॅमांनी ते नाकारलं. ब्लाउज मापाचा नसेल तर आपण शिंप्याकडे परत करतो ना, तसंच.

पाडव्याला, साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर, त्यांनी अर्ज भरून, पोलिसी नोंदींची तपासणी होऊन रायफल घेतली. तेच दुकान, दुसरी रायफल. मी मनातल्या मनात हळदकुंकू वाहिलं.

शनिवारी पहाटे चारला त्यांची गाडी निघालेली दिसली. मी दिवसभर बाळाला पाय वर घेऊन बसले होते, पण कान रस्त्याकडे. त्या दिवशी त्या रिकाम्या परत आल्या. एक मोठं हरीण दिसलं होतं, पण दीडशे यार्डांवर. सोडून दिलं. रविवारी दुपारी आल्या, त्या सरळ आमच्या दारात. "एकच गोळी. वीस पावलं गेली आणि पडली. तिला कळलंसुद्धा नसेल." मादी होती. आणि बोलता बोलता सदुसष्ट वर्षांच्या त्या बाई आमच्या पायरीवर बसून रडल्या. आनंदाने नव्हे, सुटल्यासारख्या. त्या राज्यात २००२ पासून हरणांत एक जीवघेणा रोग आढळतो, म्हणून डोकं तपासणीला देऊन, अहवाल आल्यावरच त्यांनी मांस शिजवलं.

मी ते हरीण पाहायला गेले नाही. माझ्याच्याने झालं नसतं. शिकार मला आजही पटत नाही. पण त्यांच्याकडे आम्ही चकल्यांचा डबा दिला होता, तो त्यांनी सफरचंदाचा पाय भरून परत केला. वर चिठ्ठी: यात काही मारलेलं नाही.

मैत्रिणींनो, परत आल्यावर बचत गटाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. कापसावर फवारणी करणारी आमची एक मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तो सोळा लिटरचा पंप माझ्या पाठीवर बसतच नाही. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले तरी खांदा कापतो. मला वाटायचं मीच नाजूक." त्याच बैठकीत ठरलं, की गटाच्या पैशातून आणायचा पुढचा पंप दुकानात प्रत्येकीने पाठीवर घेऊन बघायचा, पाण्याने भरलेला. दुकानदार हसला तर हसू दे.