सुई बघितलीस काय?

१९७७ साली 'नासा'नं व्हॉएजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. प्रत्येक यानात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक रेकॉर्ड आहे. तिच्यासोबत काय पाठवलंय, माहितीये? एक कार्ट्रिज आणि एक सुई. ती वाजवायची कशी, याच्या खुणा झाकणावर कोरल्यात. ती फिरवायची सोय मात्र ज्याला सापडेल त्यानं करायची.

त्या रेकॉर्डवर भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाई केरकर यांची भैरवी. केसरबाई मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या. लहानपणी काही महिने त्या आपल्या कोल्हापुरात गाणं शिकल्या. पुढं त्यांना वर्षानुवर्षं तालीम दिली ती अल्लादिया खाँसाहेबांनी, म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातल्या गवयानं. तुम्ही मंगळवार पेठेत राहत असा नाहीतर राजारामपुरीत, त्या यानात थोडं कोल्हापूरही गेलंय, असं म्हणायला हरकत नाही.

सुई किती महत्त्वाची, हे 'नासा'ला आधीच ठाऊक होतं. मला ते कळायला आजोबांची एक रेकॉर्ड घालवावी लागली.

माळ्यावरचा प्लेअर

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना माळ्यावर आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर सापडला. सोबत पत्र्याच्या ट्रंकेत तीसेक रेकॉर्ड. इन्स्टाला रील टाकायची म्हणून प्लग लावला, तर चक्क चालू झाला! मग काय, आठवडाभर मी तीच एक एलपी लावत होते. मैत्रिणी आल्या की पुन्हा. आवाज जरा फाटका यायचा, पण मला वाटलं, 'विंटेज' आवाज असाच असतो.

आठव्या दिवशी आजोबा खोलीत आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, सुई बघितलीस काय?"

नव्हती बघितली. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितली, तर टोक एका बाजूनं तुटलेलं. चाळीस वर्षांपूर्वीची सुई. तिनं आठवडाभर त्या एलपीच्या खाचा खरवडल्या होत्या. आता नवी सुई लावली तरी त्या बाजूची खरखर जात नाही. ती एलपी आजोबांनी पहिल्या पगारातून घेतली होती, हे मला आजीकडून नंतर कळलं. आजोबा काही बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून मी या विषयात घुसले. ओळखीतल्या एका काकांकडे दोन भारी टर्नटेबल आणि डबाभर कार्ट्रिज आहेत. सलग तीन रविवार त्यांच्याकडे बसले, तेव्हा जे समजलं ते तुम्हाला सांगते.

फिरणं सोपं नाही

टर्नटेबलचं मुख्य काम एकच: रेकॉर्ड एकाच वेगानं, न थरथरता फिरवणं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, जुन्या लाखेच्या तबकड्या ७८. वेग जरा जरी हलला, तरी सूर हलतो.

हा वेग राखायच्या दोन मुख्य पद्धती. बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटार बाजूला असते आणि रबरी पट्ट्यानं तबक फिरवते. त्यामुळं मोटारीची थरथर सुईपर्यंत कमी पोचते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटार थेट तबकाखालीच असते. वेग पटकन पकडतो आणि सुटत नाही. टेक्निक्सची एसएल-१२०० ही १९७२ ची मशीन याच जातीची. पुढं जगभरचे डीजे तिच्यावरच हात मारत आले.

काकांकडे बेल्टवाला रेगा प्लॅनर ३ आहे आणि डायरेक्टवाला टेक्निक्स एसएल-१५००सी. दोन्ही लाखाच्या घरातले. कोणता चांगला, हे कसं ओळखायचं? काकांची परीक्षा साधी आहे: रॉक नाही, पॉप नाही, तानपुरा लावायचा. तानपुऱ्याचा सूर एका जागी ठाम असतो, त्यामुळं वेगातली चूक तिथं लपत नाही. माझ्या कानाला टेक्निक्सवर तानपुरा खिळा मारल्यासारखा स्थिर वाटला. रेगावर गाणाऱ्याचा आवाज जास्त मोकळा, समोर बसल्यासारखा. पण खरं सांगू? डोळे मिटून ऐकवलं, तर पाचपैकी दोनदा मी चुकले.

सोयीत मात्र फरक कळतो. टेक्निक्समध्ये ७८ चाही वेग आहे, फोनो अॅम्प आतच आहे आणि ऑर्टोफॉनचं २एम रेड कार्ट्रिज लावूनच येतं. रेगावर ३३ वरून ४५ वर जायचं तर तबक उचलून पट्टा हातानं सरकवावा लागतो, आणि ७८ नाहीच. घरात आजोबांच्या लाखेच्या तबकड्या असतील, तर हा मुद्दा मोठा आहे.

खरी गंमत सुईत

टर्नटेबल बदलल्यावर मी चुकले, पण कार्ट्रिज बदलल्यावर एकदाही नाही.

खाचेत सुई हलते आणि कार्ट्रिज त्या हालचालीची वीज करतं. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात चुंबक हलतो. वीज साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट मिळते, आणि सुई झिजली की तेवढीच ओढून नवी लावता येते. मूव्हिंग कॉइलमध्ये तारेची बारीक गुंडाळी हलते. वीज त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणून वेगळा फोनो अॅम्प लागतो. आणि सुई गेली की घरी बदलता येत नाही, सगळं कार्ट्रिजच परत पाठवावं लागतं.

सुईच्या टोकाचा आकारही महत्त्वाचा. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २०. म्हणजे तेवढाच आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेला. आता ख्यालाची एलपी आठवा. सुरुवातीला संथ विलंबित, आणि बाजू संपताना द्रुत ताना. सगळ्यात वेगवान गाणं नेमकं सगळ्यात अवघड जागी येतं!

आम्ही तीन कार्ट्रिज लावून बघितली. जपानच्या एनएचके या नभोवाणीसाठी १९६२ साली बनलेलं डेनॉन डीएल-१०३ हे गोल टोकाचं मूव्हिंग कॉइल. आवाज भरदार, उबदार, पण शेवटच्या ताना किंचित गढूळ. २एम रेड लंबगोल टोकाचं. ते बरं, स्वच्छ. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-व्हीएम९५एमएलचं टोक मायक्रोलिनियर, म्हणजे अगदी बारीक धारेचं. त्यावर तानेतला दाणा न् दाणा वेगळा. नाद खुळा! आणि किंमत डेनॉनपेक्षा कमी.

आयुष्यातही फरक आहे. ऑडिओ-टेक्निका लंबगोल सुईचं आयुष्य ३०० तास सांगते, मायक्रोलिनियरचं १०००. रोज चाळीस मिनिटांची एक एलपी ऐकली, तर ३०० तास सव्वा वर्षात संपतात.

मग पैसे कुठं घालायचे?

लाखाचं टर्नटेबल आत्ता आपल्याला परवडणारं नाही, हे मलाही माहितीये. पण घरात चालू स्थितीतला, कार्ट्रिज बदलता येणारा प्लेअर असेल, तर काही हजारांचं चांगलं कार्ट्रिज हाच पहिला खर्च. सुटकेससारखे स्वस्त प्लेअर दिसतात गोड, पण त्यातल्या बऱ्याच जणांची सुई जड दाबानं चालते. वारशानं आलेली रेकॉर्ड त्यावर लावू नका.

मी माझ्या इंटर्नशिपच्या पहिल्या मानधनातून कार्ट्रिज घेतलं. आजोबांच्या बाकीच्या एकोणतीस रेकॉर्ड आता दर रविवारी एक, अशा वाजतात. तिसावीही त्यांनी ट्रंकेतच ठेवलीय. "दुसरी बाजू चांगली हाय की," म्हणतात.

माळ्यावरचा प्लेअर काढण्याआधी

• सुई भिंगातून बघा. किती जुनी आहे हे माहीत नसेल, तर बदलाच.
• ७८ ची सुई वेगळी, एलपीची वेगळी. ७८ च्या सुईचं टोक जवळपास तिप्पट-चौपट जाड असतं, ती एलपीवर कधीच टेकवू नका.
• दाब मोजा. आजची बहुतेक चांगली कार्ट्रिज दीड ते अडीच ग्रॅमवर चालतात, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या वजनाहूनही कमी. त्यासाठी छोटा डिजिटल काटा मिळतो.
• दाब फार कमी ठेवणंही वाईट. सुई खाचेत उड्या मारते आणि नुकसान करते.
• लावण्याआधी कार्बन फायबरच्या ब्रशनं धूळ काढा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.
• आणि आजोबांना आधी विचारा.