डीपीपासून प्रबंधापर्यंत : विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.ची आखणी

दिवाळीच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात सोयाबीन घरी आलेलं असतं, हरभऱ्याची पेरणी चालू असते आणि हळदीला पाणी द्यायचं असतं. गोरेगाव असो की आजूबाजूचं दुसरं एखादं खेडं, याच दिवसांत विहिरी-बोअरवरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डीपी, म्हणजे गावातलं रोहित्र, जळाल्याच्या तक्रारी वाढतात. जळालेली डीपी उतरवायची, गाडीत घालून न्यायची, दुसरी मिळेपर्यंत थांबायचं. तोवर पीक पाण्याविना उभं. याच गावांतली मुलं-मुली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतात आणि त्यांतली काही एम.टेक.कडे वळतात. दोन वर्षांत कोणते विषय घ्यायचे, कोणत्या क्रमाने घ्यायचे, प्रबंध कशावर लिहायचा, हे त्यांना सांगणारं माणूस घरात तर नसतंच, पुष्कळदा महाविद्यालयातही नसतं.

माझं म्हणणं आधीच मांडतो. आधी प्रश्न ठरवावा आणि त्या प्रश्नापासून मागे येत विषय निवडावेत. आज बहुतेक ठिकाणी उलटं घडतं. सोपा पेपर कोणता, मार्क कोण सढळ देतं, मित्र काय घेतोय, यावर विषय ठरतात आणि तिसऱ्या सत्रात प्रबंधाचा विषय शोधायची वेळ आली की हातातली विद्या कोणत्याच प्रश्नाला पुरत नाही.

डीपी का जळते, एवढा एकच प्रश्न घेऊन पाहू. वीज गेलेली असताना शेतकरी मोटारीला ऑटो स्विच लावून ठेवतो, कारण थ्री फेज लाईट रात्री-अपरात्री येते आणि दर वेळी शेतात जाणं होत नाही. वीज आली की त्या रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्यामुळे व्होल्टेज कोसळतं. मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्होल्टेज 80 टक्क्यांवर आलं की टॉर्क 64 टक्क्यांवर येतो. मग मोटारी वेग घ्यायला वेळ लावतात आणि तेवढा वेळ तो जादा करंट चालू राहतो. पंपांवर कपॅसिटर नसले तर पॉवर फॅक्टर खालावलेला असतो. तो 0.7 वरून 0.95 वर नेला, तर तेवढ्याच कामासाठी लागणारा करंट साधारण 26 टक्क्यांनी उतरतो आणि तारांमधला व्यय जवळपास 45 टक्क्यांनी. कपॅसिटर बसवा आणि ऑटो स्विच काढा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे, ते याच कारणासाठी.

आता यातून विषय मोजा. मोटर सुरू होतानाचं वर्तन समजायला यंत्रांचं गतिक प्रतिमान लागतं, म्हणजे 1929 साली पार्क यांनी मांडलेलं रूपांतर आणि त्यावरची समीकरणं. वाहिनीवर कुठे किती व्होल्टेज राहील हे काढायला लोड फ्लो लागतो. फ्यूज कधी उडावा आणि रिलेने पुरवठा कधी तोडावा यासाठी संरक्षण हा विषय लागतो. कपॅसिटर कुठे आणि किती बसवायचे हे ठरवायला इष्टतमीकरण लागतं. शिवाय महाराष्ट्रात अनेक शेतीपंपांना मीटरच नाही, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून धरला जातो. तेव्हा वाहिनीवर खरा भार किती, हे मोजमापांवरून ताडायला संख्याशास्त्र आणि स्टेट एस्टिमेशन लागतं. एका डीपीतून पाच विषय निघाले, आणि ते कोणत्या क्रमाने शिकायचे हेही त्यातूनच कळतं.

या आखणीची चौकट कोणती, हे थोडक्यात. एआयसीटीईने 2018 मध्ये दिलेल्या आदर्श अभ्यासक्रमात एम.टेक. 68 श्रेयांकांचं आहे : पहिली दोन सत्रं 18-18 श्रेयांकांची, पुढची दोन 16-16 ची. स्वायत्त संस्था आपापले फेरफार करतात, पण सांगाडा साधारण हाच असतो. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक, दोन तास प्रात्यक्षिक म्हणजेही एक. 68 पैकी 26 श्रेयांक एकट्या प्रबंधाचे, तिसऱ्या सत्रात 10 आणि चौथ्यात 16. सक्तीचे मुख्य विषय चार. स्वतःच्या मर्जीने घ्यायचे विशेष विषय पाच, आणि त्यांच्या जोडीला दुसऱ्या शाखेतला एक मुक्त विषय. म्हणजे विद्यार्थ्याच्या हातात खऱ्या अर्थाने सहाच निवडी आहेत. त्यातल्या दोन पहिल्याच सत्रात, प्रवेश घेतल्यावर थोड्याच दिवसांत, कराव्या लागतात. वसतिगृहाची खोली, कागदपत्रं, फी यांच्या धावपळीत ती यादी कोण वाचणार? म्हणून ती आधी वाचायची.

माझ्या मते पहिल्या सत्रातली एक निवड गणिताला द्यावी : लिनियर अल्जेब्रा, लिनियर सिस्टिम थिअरी किंवा ऑप्टिमायझेशन, विभागात जे चांगलं शिकवलं जात असेल ते. पदवीला मॅट्रिक्स शिकलेली असते ती परीक्षेपुरती. एम.टेक.ला मात्र लोड फ्लोमधला जेकोबियन, स्थिरतेसाठी आयगेन मूल्यं, नियंत्रणातलं स्टेट स्पेस, ही सगळी एकाच शेतातली पिकं आहेत. जमीन आधी नांगरली नाही तर पुढच्या प्रत्येक विषयात सूत्रं पाठ करावी लागतात. मराठवाड्यातल्या ग्रामीण महाविद्यालयांतून आलेल्या मुलांना हीच गोष्ट सर्वांत जड जाते. ती बुद्धीने कमी नसतात. पदवीच्या चार वर्षांत कुणी त्यांना सिद्धता फळ्यावर लिहून दाखवलेली नसते. ही उणीव एनपीटीईएलवर भरून काढता येते. आयआयटी आणि आयआयएससीने 2003 पासून उभारलेली ही व्याख्यानं फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या अ. म. कुलकर्णी यांची पॉवर सिस्टिम डायनॅमिक्सवरची, बी. जी. फर्नांडिस यांची पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवरची आणि एस. ए. सोमण यांची संरक्षणावरची व्याख्यानं, एवढी तीन जरी प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात वही-पेन घेऊन पाहिली, तरी पहिलं सत्र निम्मं हलकं होईल.

शाखांचं म्हणाल तर पॉवर सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि नियंत्रण या तीन जुन्या वाटा. त्यांच्यातल्या भिंती आता पातळ झाल्या आहेत, आणि त्याचं कारण सेनगावच्या शिवारातही दिसतं. शेतावर सौर पंप आले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली, 2023 मध्ये तिची 2.0 आवृत्ती आली, आणि उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहून दिवसा वीज देऊ लागले. पूर्वी वीज उपकेंद्राकडून शेताकडे एकाच दिशेने वाहायची. आता दुपारी, मोटारी बंद असताना, ती उलटी चढू शकते. व्होल्टेज वाढतं, जुन्या रिलेंची गणितं चुकतात. शिवाय सौर प्रकल्पात फिरणारं जड यंत्र नसतं, इन्व्हर्टर असतो. कोयना किंवा परळीसारख्या केंद्रांतली जड रोटर मंडळी ग्रिडची वारंवारता सावरून धरायची; इन्व्हर्टरला ते काम नियंत्रणाच्या प्रोग्रॅममधून शिकवावं लागतं. म्हणून पॉवर सिस्टिम घेतलेल्याने दुसऱ्या सत्रात कन्व्हर्टरचा एक विषय घ्यायलाच हवा, आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने डायनॅमिक्सचा. नागपूरच्या व्हीएनआयटीत इंटिग्रेटेड पॉवर सिस्टिम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्ह्ज असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. तिथल्या विद्यार्थ्याने एकमेकांच्या वर्गांत जाऊन बसण्याची परवानगी मागावी.

संरक्षण हा विषय मात्र मुलं टाळतात. मला ते मनापासून खटकतं. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तर भारत अंधारात गेला, दुसऱ्या दिवशी सुमारे 60 कोटी लोकांची वीज गेली. बीना-ग्वाल्हेर ही 400 केव्हीची लाईन त्या वेळी तुटली ती शॉर्टसर्किटमुळे नव्हे. जड भारालाच रिलेने दोष मानलं. एका रिलेच्या सेटिंगचा एवढा परिणाम होऊ शकतो. पुढे 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाईन जोडली गेली आणि सारा देश एका वारंवारतेवर आला. देशाचं ग्रिड जिथे एक झालं, त्या जोडणीचं एक टोक आपल्या सोलापुरात आहे, हे मराठी विद्यार्थ्याला वर्गात सांगितलं गेलं पाहिजे. चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची, 1500 मेगावॉटची एचव्हीडीसी लाईन 1999 पासून चालू आहे. एचव्हीडीसी शिकायला परदेशी उदाहरणं शोधावी लागत नाहीत.

नव्या नावांच्या विषयांबद्दल सावध राहावं. इलेक्ट्रिक वाहनं, स्मार्ट ग्रिड, मशिन लर्निंग हे विषय निरुपयोगी अजिबात नाहीत. पण मोटर ड्राइव्ह न शिकता वाहनांचा विषय घेतला तर हाती माहिती लागते, कौशल्य लागत नाही. आणि संभाव्यता न शिकता मशिन लर्निंग घेतलं तर आलेल्या उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा नाही, हेच कळत नाही. मुक्त विषय मात्र खुशाल दुसऱ्या विभागातला घ्यावा, संगणकाचा किंवा संख्याशास्त्राचा.

दुसऱ्या सत्रातला मिनी प्रोजेक्ट दोनच श्रेयांकांचा असतो, म्हणून तो उरकला जातो. तो प्रबंधाची तालीम समजावा. वितरणावर काम करणारे बहुतेक विद्यार्थी बारन आणि वू यांची 1989 ची 33 बसची चाचणी वाहिनी घेतात. ती 12.66 केव्हीची, तिच्यावरचा भार ठरलेला, न हलणारा. गावाकडची 11 केव्हीची वाहिनी तशी नसते. तिच्यावरचा भार वीज येण्याच्या वेळापत्रकाबरोबर उसळतो, पिकाबरोबर बदलतो आणि निम्मा मोजलेलाच नसतो. एखाद्या विद्यार्थ्याने महावितरणची रीतसर परवानगी घेऊन एका कृषी वाहिनीची उपकेंद्रातली नोंद मिळवली आणि ओपनडीएसएससारख्या मोफत प्रणालीत तिचं प्रतिमान उभं केलं, तर तेवढंही काम चांगलं होईल. असं प्रतिमान मराठवाड्याच्या वाहिन्यांचं असणं ही आज गरज आहे, आणि ते करणारा मुलगा किंवा मुलगी त्या वाहिनीच्या टोकावरच्या गावातून आलेली असेल, तर कोणती नोंद खोटी वाटते हे तिला मार्गदर्शकाआधी कळेल.

हिंगोलीच्या विद्यार्थ्याला नियंत्रण घ्यायचं असेल, तर त्याच्याच जिल्ह्यात आणखी एक मोठा प्रश्न उभा राहतो आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2016 मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींच्या खर्चासह तिला मंजुरी दिली. तिचे दोन बाहू प्रत्येकी 4 किलोमीटरचे असतील. या बाहूंच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक टिपायचा, तर टांगलेले आरसे जमिनीच्या कंपनांपासून अलग ठेवावे लागतात, आणि ते काम असंख्य नियंत्रण वर्तुळं करतात. बहुचलीय नियंत्रण, काल्मन फिल्टर, नॉइजचं वर्णपट-विश्लेषण आणि सिग्नल प्रोसेसिंग, एवढे चार विषय घेतलेला माणूस या कामाच्या जवळ जातो. पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट आणि गांधीनगरचं आयपीआर या प्रकल्पात आहेत; उन्हाळी प्रकल्पासाठी तिथे विचारणा करायला हरकत नाही.

आता प्रवेश आणि पैसा. फेब्रुवारीतली गेट परीक्षा तीन तासांची, 65 प्रश्नांची, 100 गुणांची. गुणांकन तीन वर्षं चालतं आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ती देता येते. ती तिसऱ्या वर्षीच एकदा द्यावी. गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर एआयसीटीईची दरमहा 12,400 रुपयांची छात्रवृत्ती आहे, आणि शेतकरी घराला पदवीनंतर आणखी दोन वर्षं मूल शिकवायचं धाडस बऱ्याचदा तिच्यामुळेच होतं. आयआयटी, एनआयटी आणि राज्याच्या संस्था यांच्या प्रवेश फेऱ्या वेगवेगळ्या असतात, तिन्हींचे अर्ज वेगळे भरावे लागतात. आयआयटी मुंबईत रिसर्च असिस्टंट म्हणून तीन वर्षांचा मार्गही आहे. ज्याला संशोधन खरंच करायचं आहे त्याला ते जादा वर्ष फुकट जात नाही. जवळची संस्था नको असं मनात धरू नये. नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासून आहे, छत्रपती संभाजीनगरचं (पूर्वीचं औरंगाबाद) शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून. मार्गदर्शक आवडीच्या प्रश्नावर काम करणारा असेल तर संस्थेचं नाव दुय्यम ठरतं. अमेरिकेत एम.एस. साधारण 30 श्रेयांकांचं असतं आणि प्रबंधाशिवायही पुरं करता येतं, जर्मनीत दोन वर्षांत 120 युरोपीय श्रेयांक. तिथे जाणाऱ्यानेही प्रबंधाची वाट सोडू नये.

गोरेगावच्या किंवा अशाच कुठल्या गावच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे : प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याआधी त्या विभागाकडून तीन कागद मागून घ्या. दोन सत्रांत प्रत्यक्ष शिकवल्या जाणाऱ्या विशेष विषयांची यादी, गेल्या दोन वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं, आणि प्रयोगशाळेतल्या चालू यंत्रांची नोंद. तुमचा प्रश्न त्या तीन कागदांत कुठे बसतो ते पाहा, आणि मगच संस्थेचं नाव अर्जात लिहा.