हवं असण्याच्या तऱ्हा

शब्दांचे शेजारी : लेखांक १४

'मला एक कॉफी हवी आहे.' या वाक्यात मराठी कानाला खुपावं असं काही नाही. हेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेऊन लंडनच्या एखाद्या कॅफेत 'आय वॉन्ट वन कॉफी' म्हटलं, तर कॉफी मिळेल, पण गल्ल्यावरचा माणूस जरा रोखून बघेल. तिथे पोरांच्या तोंडून 'आय वॉन्ट' निघालं की घरचे लगेच टोकतात. 'आय वॉन्ट' म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, अशा अर्थाची म्हणच ब्रिटनमध्ये आहे. मोठ्या माणसानं 'आय वुड लाइक' किंवा 'कुड आय हॅव' म्हणायचं.

आपली फसगत व्याकरणातून होते. मराठीत भूक लागते, झोप येते, तसंच काहीतरी 'हवं असतं', आणि ते 'मला'. मी नुसता त्या इच्छेचा धनी. इंग्रजीत मात्र 'आय' वाक्याच्या तोंडाशी उभा राहून मागणी करतो, म्हणून त्याला नमवायला वेगळी क्रियापदं आणावी लागतात. एका बाबतीत दोन्ही भाषांचं जमतं : आपण 'जरा विचारायचं होतं' म्हणतो, तेही 'आय वॉन्टेड टु आस्क' म्हणतात. काम आत्ताच असतं, भूतकाळ केवळ अदबीसाठी.

गंमत अशी, की 'वॉन्ट' मुळात मागणीचा शब्दच नव्हता. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून तो इंग्रजीत आला आणि त्याचा अर्थ होता उणीव असणं, कमी पडणं. आइसलँडिक भाषेत ते क्रियापद आजही त्याच अर्थानं वापरतात, आणि कर्त्याला तिथे आपल्या 'मला'सारखी तिरपी विभक्ती लागते. इंग्रजीत 'इच्छा' हा अर्थ रुळला तो साधारण अठराव्या शतकात. बायबलच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात, मेंढपाळाच्या प्रसिद्ध तेविसाव्या स्तोत्रात, 'द लॉर्ड इज माय शेफर्ड; आय शॅल नॉट वॉन्ट' या ओळीत, 'वॉन्ट' येतो तो उणं पडण्याच्या अर्थानं. आजची शाळकरी मुलं तिथे हमखास अडखळतात. मेंढपाळ तर आहे, मग तो नको कसा, असं त्यांना वाटतं. 'द हाउस वॉन्ट्स पेंटिंग' म्हणजे घराला रंगाची गरज आहे, हा ब्रिटिश प्रयोग त्याच जुन्या अर्थाचा अवशेष.

आता त्याचे शेजारी. शब्दकोशात 'विश', 'डिझायर', 'लाँग', 'यर्न', 'क्रेव्ह', 'कव्हेट' या सगळ्यांपुढे थोड्याफार फरकानं 'इच्छा करणे' असंच लिहिलेलं सापडतं. मग गाइडवाले त्यांना तीव्रतेनुसार रांगेत उभे करतात : हा सौम्य, तो जरा कडक, हा जहाल. मला ही उतरंड पटत नाही. हवी असलेली वस्तू कुठे आहे हे आधी पाहावं. ती हाताशी आहे, अशक्य आहे, दूर गेली आहे की शेजाऱ्याच्या घरात आहे, यावर शब्द ठरतो.

'विश' हा अशक्याचा शब्द. 'आय विश आय न्यू हर नंबर' म्हणजे तिचा नंबर मला ठाऊक नाही. असता तर बरं झालं असतं. वाक्य वर्तमानाचं असूनही क्रियापद भूतकाळी, कारण वास्तव आणि इच्छा यांच्यातली फट तो भूतकाळ दाखवतो. आपल्याकडे हटकून होणारी चूक इथलीच : परीक्षेला निघालेल्या भाच्याला मामा 'आय विश यू विल पास' असा मेसेज पाठवतो. पास होणं शक्य आहे ना? मग 'होप' हवं. 'विश' वापरायचंच तर 'आय विश यू सक्सेस' म्हणावं; क्रियापदाऐवजी नाम आलं की तोच शब्द शुभेच्छा देतो. आणि 'आय विश टु विथड्रॉ माय ॲप्लिकेशन' यात अशक्य वगैरे काही नाही, तिथे 'विश' म्हणजे कडक इस्त्री केलेला 'वॉन्ट'.

'डिझायर'बद्दल आपला मोठाच गैरसमज आहे. 'इच्छा' हा मराठी शब्द जितका निरुपद्रवी, तितका 'डिझायर' नाही. बोलण्यात तो एक तर देहाच्या ओढीकडे झुकतो, नाही तर कागदावरचा होतो. भारतीय अर्जांतलं आणि करारनाम्यांतलं 'डिझायरस ऑफ' हे त्या कागदी घराण्यातलं. तिथे ते खपून जातं. पण बसमध्ये शेजारच्या बाईंना 'आय डिझायर द विंडो सीट' म्हणालात, तर त्या उठून दुसरीकडे बसतील. शब्दाचं मूळ लॅटिन, आणि त्यात ताऱ्याचा वाचक शब्द दडला असावा असं व्युत्पत्तिकार मानतात. 'कन्सिडर'मध्येही तोच तारा.

'लाँग' म्हणजे लांब, आणि 'लाँग फॉर' म्हणजे आस लागणं. या दोघांचं नातं खरंखुरं आहे. जुन्या इंग्रजीत 'मला लांबतं' अशा घडणीचा प्रयोग होता. वाट बघताना वेळ लांबत जातो, त्यातून ओढीचा अर्थ निघाला. म्हणून 'लाँग'मध्ये अंतर हवंच, काळाचं किंवा मुलखाचं. समोर ठेवलेल्या वड्यासाठी कुणी 'लाँग' करत नाही. न्यू जर्सीत बसून दादरच्या वड्यासाठी करता येतं. 'यर्न' त्याच जातीचा, पण त्यात आर्तता अधिक आणि रोजच्या बोलण्यात वावर कमी. 'पाइन'ला मात्र मराठीत नेमका जोडीदार आहे : झुरणं. पाइनच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. छळ, शिक्षा या अर्थाच्या लॅटिन शब्दातून तो निघाला, 'पेन' म्हणजे वेदना हा त्याचा भाऊ. पाइन करणारा माणूस खंगतो.

'कव्हेट' म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवणं. बायबलमधल्या दहा आज्ञांच्या शेवटी याचीच मनाई आहे, आणि तिथे यादीही दिली आहे : शेजाऱ्याचं घर, बायको, नोकरचाकर, बैल, गाढव. इतका पापी शब्द, पण त्याचं विशेषण झालं आणि तो शुद्ध झाला. 'कव्हेटेड अवॉर्ड' म्हणजे सगळ्यांचा डोळा असलेला, पर्यायानं मानाचा पुरस्कार. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या सत्कारसमारंभांच्या बातम्या या शब्दावाचून अडतात.

सगळ्यांत लांबचा प्रवास 'क्रेव्ह'नं केला. जुन्या इंग्रजीत तो कोर्टकचेरीतला शब्द होता : हक्कानं मागणं, दावा सांगणं. पुढे हक्क गळला आणि विनवणी उरली. वकिली आणि औपचारिक भाषेत 'आय क्रेव्ह लीव्ह' ऐकू येतं ते त्या टप्प्यावरचं. आज मात्र तो देहाचा शब्द आहे. गरोदर बाईला मध्यरात्री लागणारी चिंचेची ओढ म्हणजे 'क्रेव्हिंग'. त्याला आपल्याकडे 'डोहाळे' आहेत, पण तो शब्द तेवढ्यापुरताच. विडीची, चहाची, तंबाखूची ती 'तलफ'. इंग्रजी 'क्रेव्हिंग' ही दोन्ही खाती एकटा सांभाळतो, त्यामुळे भाषांतर करताना आधी तोंड कुणाचं आहे ते पाहावं लागतं.

तलफेवरून 'येन' आठवला. हा जपानी चलनाचा येन नव्हे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गेलेल्या चिनी माणसांच्या बोलीतून तो इंग्रजीत शिरला, आणि त्याचा मूळ अर्थ अफूची तलफ. चीनला त्या तलफेची सवय लागली त्यात मुंबईचा हात मोठा होता. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून गलबतांनी चीनला जायची. तिच्या व्यापारात शहरातल्या कितीतरी पेढ्या उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभॉयांच्या संपत्तीतला मोठा भाग चीनच्या व्यापारातला, त्यात कापसाबरोबर अफूही होती. त्याच पैशातून १८४५ साली सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. आज 'आय हॅव अ येन फॉर मिसळ' म्हणताना कुणाला अफू आठवत नाही. शब्द हलका, किंचित खेळकर झाला आहे. वापरायला हरकत नाही, फक्त रजेच्या अर्जात नको.