स्टेशन आणि गावकरी

पंढरपुरास रेल्वे आली ती १९०६ साली, बार्शी लाइट कंपनीच्या अरुंद रुळांवरून. ती विलायती कंपनी आपल्या भागीदारांस जबाबदार होती, पंढरपूरकरांस नव्हे. आज राज्य लोकांचे आहे आणि फलटण-पंढरपूर लोहमार्ग योजिलेला आहे. त्याच्या स्टेशनांभोवती रस्ते, गटारे, बाजार व वारकऱ्यांच्या उतरण्याच्या जागा कोठे असाव्यात, हे गावास विचारूनच ठरले पाहिजे. १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. परंतु मुदतीत लेखी हरकत न देणाऱ्याचा हक्क कागदावरच राहतो. व्यापारी बंधूंनो, नकाशावर रेघ पडण्यापूर्वी बोला. ती दुकानावरून गेल्यानंतरचे रडणे व्यर्थ होय.