सभागृह नागपुरात, निकाल वर्ध्यात

वर्धा नदीच्या काठावर उभं राहून 1937 सालचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. अलीकडचा वर्धा जिल्हा मध्य प्रांतात, थेट इंग्रजी अमलाखाली. पलीकडचं वऱ्हाड मात्र कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचं! राज्य चालवायचे इंग्रज, पण निजामाचं सार्वभौमत्व त्यांनी 1936च्या करारात पुन्हा मान्य केलं होतं, आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताबही दिला होता. तरीही दोन्ही तीरांवरचे मतदार आमदार पाठवत होते ते एकाच सभागृहात, नागपूरला.

मतदार म्हणजे सगळे प्रौढ नव्हेत; जमीन, कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या अटींत बसतील तेवढेच. आणि 112 जागांची वाटणी तर वाचत राहावी अशी. सर्वसाधारण 84, त्यांतल्या 20 अनुसूचित जातींसाठी राखीव. मुसलमानांच्या 14, स्त्रियांच्या 3. विद्यापीठाला एक, युरोपियनांना एक, अँग्लो-इंडियनांना एक. कामगारांना दोन आणि जमीनदारांना तीन! हा हिशेब कोणाच्या सोयीचा, ते सांगायला नकोच. याच सभागृहाच्या उपाध्यक्षपदी मात्र एक बाई बसल्या, अनसूयाबाई काळे.

काँग्रेसला बहुमत मिळालं आणि 1937च्या पावसाळ्यात डॉ. नारायण भास्कर खरे प्रांताचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. खरे नागपूरचे, रामराव देशमुख आणि गोळे वऱ्हाडचे. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता हे तिघे हिंदी भाषक महाकोशलचे. भांडणाची सोय मंत्रिमंडळाच्या रचनेतच होती.

20 जुलै 1938ला खरे, देशमुख आणि गोळे यांनी राजीनामे दिले. उरलेल्या तिघांनीही द्यावेत अशी खऱ्यांची अपेक्षा. तिघे म्हणाले, पक्षश्रेष्ठींचा हुकूम आल्याशिवाय नाही. आता 1935च्या कायद्याची गंमत पाहा: मंत्री पदावर राहायचा तो गव्हर्नरच्या मर्जीवर. गव्हर्नर वायली यांनी रातोरात तिघांना बडतर्फ केलं आणि 21 तारखेला खऱ्यांचं नवं मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळं झालं. त्यात रामेश्वर अग्निभोज हे दलित मंत्रीही होते.

कायद्यानं सगळं चोख. पण नागपूरहून आगगाडीनं दीड-दोन तासांवर वर्धा होतं, आणि वर्ध्याला काँग्रेसची कार्यकारिणी जमत होती. सुभाषबाबू अध्यक्ष, वल्लभभाई, राजेंद्रबाबू, मौलाना आझाद संसदीय मंडळावर, शेजारच्या सेगावात गांधीजी. खऱ्यांना बोलावणं आलं. ज्या पंतप्रधानाला हटवावं असा ठराव विधानसभेनं केलाच नव्हता, त्यानं वर्ध्यात बसून दोन दिवसांत राजीनामा दिला. पुढे सेगावला गांधीजींच्या पुढ्यात खऱ्यांच्या निवेदनाचा मसुदा झाला. त्यावर सही करायला मात्र खऱ्यांनी नकार दिला.

27 जुलैला काँग्रेसचे आमदार नवा नेता निवडायला जमले, तेही नागपूरला नव्हे, वर्ध्याला. निवडले गेले शुक्ल.

श्रेष्ठींनी लोकशाहीचा गळा घोटला, असं खऱ्यांची बाजू घेणारे म्हणत राहिले. मला ते अर्धंच पटतं. सहकाऱ्यांना काढायला परक्या गव्हर्नरची मर्जी वापरणं, तेही काँग्रेसच्या माणसानं, ही चूक लहान नव्हती. पण मुंबई-मद्रासेतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनाही त्या आठवड्यात कळून चुकलं असणार, की आपली दोरी मतदारसंघापेक्षा वर्ध्याच्या हाती जास्त आहे. आज राज्याचा मुख्यमंत्री दिल्लीत ठरतो म्हणून आपण चरफडतो. त्या रिवाजाचा हा आपल्या मुलखातला फार जुना दाखला.

खरे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, नंतर हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. शुक्ल 1 नोव्हेंबर 1956ला नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्याच दिवशी वर्धा जिल्हा त्यांच्या राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला.