अकरावी पलटण

मराठी वाचकाला गॅरिबाल्डी परका नाही. सावरकरांनी लंडनमध्ये बसून मॅझिनीचं आत्मचरित्र मराठीत आणलं, बाबारावांनी ते १९०७ साली छापलं, सरकारने त्यावर बंदी घातली, आणि तेव्हापासून मॅझिनी-गॅरिबाल्डी ही नावं आपल्याकडे जोडीनेच घेतली गेली. पण त्या गॅरिबाल्डीला जायबंदी करणारी गोळी ऑस्ट्रियाची नव्हती, हे आपल्याकडे फारसं सांगितलं गेलं नाही. २९ ऑगस्ट १८६२ रोजी तो स्वयंसेवक घेऊन रोमकडे निघाला असताना आस्प्रोमोन्तेच्या डोंगरात इटलीच्याच राजाच्या फौजेने त्याला अडवलं आणि त्याचा घोटा फुटला. गोळ्या झाडणारे बेर्साल्येरी होते, म्हणजे नव्या राष्ट्राचं सगळ्यात लाडकं चपळ पायदळ. आठ वर्षांनी, २० सप्टेंबर १८७० रोजी, तोफांनी पोर्ता पियाजवळच्या तटाला खिंडार पाडलं, तेव्हा रोममध्ये धावत शिरलेल्यांत पुढे होते तेही बेर्साल्येरीच. इटलीतल्या चित्रांत आणि पुतळ्यांत दिसतो तो हा दुसरा प्रसंग. साहजिक आहे.

हे दल काढलं अलेस्सान्द्रो ला मार्मोरा या ग्रेनेडियर कॅप्टनने. १८ जून १८३६ रोजी तुरीनमध्ये राजा कार्लो आल्बेर्तोने त्याला मंजुरी दिली. पिएमोन्तचं राज्य लहान, तिजोरी बेताची, आणि सीमा आल्प्सच्या डोंगरात. मोठं घोडदळ पोसण्याची ऐपत नाही, मग पायांवर धावणारे, विखरून लढणारे, अचूक नेम धरणारे शिपाई तयार करावेत, असा त्याचा हिशेब होता. रांगेत खांद्याला खांदा लावून चालण्याऐवजी प्रत्येकाने स्वतःच्या डोक्याने आडोसा शोधायचा. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नावात जी कल्पना आहे, तीच ही. रुंद काठाची काळी टोपी उजवीकडे कललेली आणि तिच्यावर रानकोंबड्याच्या जातीच्या एका मोठ्या पक्ष्याची पिसं. त्यांचा बँडसुद्धा वाजवत वाजवत धावतो! ला मार्मोराने स्वतः १८४८ साली गोइतोच्या लढाईत जबड्यावर गोळी झेलली, आणि १८५५ मध्ये क्रिमियात तो कॉलऱ्याने गेला.

एवढं सगळं कुठल्याही सैनिकी संग्रहालयात वाचायला मिळतं. मला रस आहे तो या दलाच्या एका रेजिमेंटमध्ये, १८८३ साली उभारलेल्या अकराव्या रेजिमेंटमध्ये. इटालियन राज्याने सैन्यभरतीचं एक धोरण ठेवलं होतं: एका रेजिमेंटमध्ये वेगवेगळ्या प्रांतांची मुलं मिसळायची, आणि तिला ठेवायचं तिसऱ्याच प्रांतात. हेतू दोन. एक, बोलीभाषांत विखुरलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना इटालियन बनवणं. दुसरा, दंगा झाला तर समोरच्या जमावात शिपायाचा कुणी चुलत भाऊ नसावा.

सप्टेंबर १९११ मध्ये इटलीने लिबियासाठी तुर्कस्तानशी युद्ध पुकारलं. ऑक्टोबरात उतरलेल्या पहिल्या फौजेत अकरावी रेजिमेंट होती, कर्नल गुस्ताव्हो फारा याच्या हाताखाली. अरब लोक तुर्कांना कंटाळलेत, ते आपलं स्वागत करतील, असं रोममधली वर्तमानपत्रं आधीपासून लिहीत होती. त्रिपोलीच्या पूर्वेला खजुरीच्या बागा, मातीच्या भिंती, विहिरी, अरुंद वाटा. त्या भुलभुलैयात शारा शात्त नावाच्या भागात या शिपायांची विरळ रांग पसरली होती. २३ ऑक्टोबरच्या सकाळी समोरून तुर्क आणि अरब टोळ्या तुटून पडल्या, आणि ज्यांना आपण सोडवायला आलो असं या पोरांना सांगितलं होतं, ते रहिवासी पाठीमागून उठले. रेजिमेंटच्या चौथ्या आणि पाचव्या कंपन्या जवळजवळ पुसल्या गेल्या. त्या दिवशी सुमारे ५०० इटालियन मेले. हाती लागलेल्यांचे फार हाल करून त्यांना मारण्यात आलं.

पुढचे काही दिवस इटालियन फौज त्या बागांमधून फिरली आणि दिसेल त्याला गोळी घातली. म्हातारे, बायका, मुलंसुद्धा सुटली नाहीत. मेलेल्या अरबांचा आकडा हजारांत सांगितला जातो; त्यावर आजही वाद आहे. फ्रान्सिस मॅककलाघ या आयरिश वार्ताहराने हे पाहून इटालियन सेनापतीकडे आपलं परवानापत्र परत केलं. हजारो लोकांना जहाजांत कोंबून उस्तिका, त्रेमिती, पोन्झा अशा बेटांवर धाडलं गेलं. इटलीत मात्र अकराव्या रेजिमेंटचे हुतात्मे तेवढे गाजले आणि फारा जनरल झाला.

याच युद्धाला विरोध म्हणून फोर्लीमध्ये सार्वत्रिक संप झाला होता. सैन्याच्या गाड्या अडवायला रेल्वेचे रूळ उखडले गेले, आणि त्या चिथावणीबद्दल एका समाजवादी संपादकाला पाच महिने तुरुंगात घातलं गेलं. त्याचं नाव बेनितो मुसोलिनी. तीन वर्षांनी, पहिलं महायुद्ध पेटल्यावर, तोच माणूस युद्धाचा भाट बनला. ३१ ऑगस्ट १९१५ ला त्याला बोलावणं आलं आणि तो दाखल झाला तो नेमका अकराव्या बेर्साल्येरीत! इसोन्झो नदीच्या वरच्या खोऱ्यातले खंदक, कार्निया, मग कार्सोचं खडकाळ पठार. तो कॉर्पोरल झाला. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी शत्रूच्या नव्हे, आपल्याच उखळी तोफेचा नळा सरावात फुटला आणि त्याच्या अंगात तुकडे घुसले. पुढे फॅसिस्ट प्रचाराने या जखमांचं जे केलं ते सर्वज्ञात आहे, त्यात वेळ घालवत नाही.

रेजिमेंटचा खरा कस लागला तो युद्ध संपल्यावर. १९२० साली तिचा मुक्काम आद्रियाटिक किनाऱ्यावरच्या अंकोना बंदरात होता. पलीकडे अल्बेनियात व्हलोरा हे बंदर इटलीने १९१४ पासून धरून ठेवलं होतं. तिथे मलेरियाने फौज पोखरलेली, आणि त्या जूनमध्ये अल्बेनियन लोक हत्यारं घेऊन उठलेले. कुमक पाठवायची ठरली. महायुद्ध संपून दीड वर्ष झालं होतं. २६ जूनला व्हिल्लारेय बराकीतल्या शिपायांनी जहाजावर चढायला नकार दिला, अधिकाऱ्यांना कोंडलं आणि शस्त्रागार ताब्यात घेतलं.

अंकोना हे अराजकवाद्यांचं आणि गोदी कामगारांचं गाव. १९१४ चा ‘लाल आठवडा’ हा उठाव तिथूनच पेटला होता. बराकीतलं बंड लवकरच थंडावलं, पण तोवर शहर उठलं होतं. मार्के आणि उंब्रियापर्यंत शहरातलं हे बंड पसरलं. बंड मोडायला निघालेल्या पोलिसांच्या गाड्या रेल्वे कामगारांनी अडवल्या, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची फोर्लीची युक्ती पुन्हा वापरली. फक्त या वेळी मुसोलिनी पलीकडच्या छावणीत होता. माणसं मेली, दोन्ही बाजूंची.

नुकतेच पंतप्रधान झालेले जोलित्ती हे मुरलेले राजकारणी. लिबियाचं युद्धही त्यांच्याच सरकारने काढलेलं. पण या खेपेला त्यांनी माघार घेतली. २ ऑगस्ट १९२० रोजी तिरानामध्ये करार झाला आणि सासेनो हे छोटं बेट ठेवून इटलीने व्हलोरा सोडलं. हे केवळ अंकोनाच्या शिपायांमुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. अल्बेनियन बंदुका आणि मलेरियाचे डास यांचा वाटा मोठा होता. मात्र जहाजात चढवायला शिपाईच राजी नसतील तर साम्राज्य चालवता येत नाही, हे जोलित्तींना तिथे दिसलं.

सैनिकी इतिहास लिहिणाऱ्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो. शारा शात्तच्या वर्णनाला पानंच्या पानं, व्हिल्लारेयला ओळ-दोन ओळी, असा त्यांचा हिशेब असतो. मला हे प्रमाण उलटं वाटतं. शारा शात्तला शिपाई मेले कारण त्यांना खोटं सांगून तिथे नेलं होतं. अंकोनात त्यांनी तेच खोटं दुसऱ्यांदा ऐकायचं नाकारलं. स्वतःच्या डोक्याने निर्णय घेणारा शिपाई हवा, असं ला मार्मोराचं म्हणणं होतं. तो निर्णय जहाजावर चढण्याबद्दलही असू शकेल, हे मात्र त्याच्या डोक्यात नसावं.

दुसऱ्या महायुद्धात ही रेजिमेंट युगोस्लाव्हियात होती, आणि सप्टेंबर १९४३ च्या शस्त्रसंधीनंतर इटालियन सैन्य कोसळलं त्यात तीही विरली. आज ती पुन्हा आहे. ईशान्य इटलीत ओर्चेनिको सुपेरिओरे इथे तिचा तळ आहे, ती आरिएते चिलखती ब्रिगेडचा भाग आहे, आणि धावणारे बेर्साल्येरी आता पट्ट्यांच्या चिलखती गाड्यांतून जातात. अंकोनाची व्हिल्लारेय बराक सैन्याने केव्हाच सोडली. तिथे आता विद्यापीठाची अर्थशास्त्राची शाखा भरते.